एंटर दाबण्याआधी: मी कोणत्या मशीनवर आहे?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड साठवायच्या साइटचा एक इंजिनिअर दोन डेटाबेस सर्व्हरशी झगडत होता. एक डीबी१, दुसरा डीबी२. डीबी१ वर चालू साइटचा खरा डेटा होता आणि डीबी२ ही त्याची प्रत. प्रत मागे पडली होती आणि ती नव्याने भरायची होती. डीबी२ वरचं जुनं डेटा-फोल्डर मध्ये येत असावं असं वाटून त्याने ते पुसायची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की समोरची खिडकी डीबी२ ची नाही, डीबी१ ची आहे. त्याने कमांड तोडली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच्या आसपास डेटा उरला होता.

मग बॅकअप शोधायला घेतले, तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस नीट होतच नव्हता. योगायोगाने सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, घेऊन ठेवला होता. त्यावरून साइट परत उभी राहिली, पण मधल्या सहा तासांचं काम कायमचं गेलं. गिटलॅबने हे सगळं लपवलं नाही. काय घडलं ते वेळेनिशी लिहून जाहीर केलं, पुढे काय बदलणार याची यादीही दिली. त्या यादीत बॅकअप आणि देखरेखीच्या मोठ्या कामांबरोबर एक अगदी छोटं काम होतं: सगळ्या सर्व्हरवरचा पीएस१, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांडच्या आधी काय दिसावं ते ठरवणारं सेटिंग, बदलायचा, म्हणजे आपण कोणत्या मशीनवर आणि कोणत्या वातावरणात आहोत हे स्पष्ट दिसेल.

हा लेख त्या छोट्या कामाबद्दल आहे. यात पैसा लागत नाही, वरिष्ठांची परवानगी लागत नाही, आणि एक दुपार पुरते. तरीही बहुतेक जण ते पहिली चूक होईपर्यंत करत नाहीत. मीही केलं नव्हतं.

टर्मिनल उघडलं की कर्सरच्या आधी जो मजकूर दिसतो तो प्रॉम्प्ट. 'सांगा, पुढे काय करू?' असं शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, विचारतं, ते त्या मजकुरातून. हा मजकूर कसा असावा हे ठरवणाऱ्या व्हेरिएबलचं नाव पीएस१. बोर्न शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलं, तेव्हापासून हे नाव तसंच आहे. साध्या वापरकर्त्याला डॉलरचं चिन्ह आणि रूटला, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या खात्याला, हॅशचं, हा संकेतही तितकाच जुना. म्हणजे 'आता तुझ्या हातात पूर्ण सत्ता आहे, जपून' हा इशारा प्रॉम्प्टमधून द्यायचा, हे तेव्हाच ठरलं होतं. 'मी कोणत्या मशीनवर आहे' हा दुसरा प्रश्न मात्र तेव्हा फारसा पडत नव्हता, कारण टर्मिनल एक आणि त्यापलीकडचं मशीनही एकच. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करणं सोपं झालं आणि माणसं एकाच पडद्यावर चार-चार मशीन उघडून बसू लागली. त्या चारही खिडक्यांचं रूप एकच असतं: तोच फॉन्ट, तीच काळी पाटी, तोच लुकलुकता कर्सर.

इथे कुणी म्हणेल, प्रॉम्प्टमध्ये मशीनचं नाव असतंच की. असतं. उबुंटू किंवा डेबियनवर नवं खातं उघडलं तर साधारण असा प्रॉम्प्ट मिळतो:

अमृता@डीबी१:~$

आणि शेजारच्या खिडकीत:

अमृता@डीबी२:~$

या दोन ओळी पुन्हा बघा. फरक एका आकड्याचा आहे. तो दिसण्यासाठी ओळ वाचावी लागते, आणि प्रॉम्प्ट कुणी वाचत नाही. दिवसातून दोनशे वेळा डोळ्यांखालून जाणारी गोष्ट मेंदू वाचायचं सोडून देतो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाच्या पाटीवर नेमकी कोणती अक्षरं आहेत हे सांगता येत नाही, तसंच हे. पाटी तिथे आहे एवढं माहीत असतं. रात्रीचे अकरा वाजलेत, साइट अडखळतेय, चार जण चॅटवर विचारतायत, अशा वेळी तर ती एका आकड्याची खूण नसल्यातच जमा. म्हणून 'माझ्या प्रॉम्प्टमध्ये होस्टनेम (मशीनचं नाव) आहे' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. वाचावी लागते ती माहिती. न वाचता दिसते ती खूण. आपल्याला खूण हवी आहे.

डोळ्याला न वाचता कळतात त्या गोष्टी मोजक्या: रंग, जागा आणि आकार. प्रॉम्प्टमध्ये तिन्ही वापरता येतात. त्याआधी शेलला हे कळायला हवं की आपण दूरच्या मशीनवर आहोत.

ते कळायचा मार्ग सोपा आहे. एसएसएचने लॉगिन केलं की पलीकडचा सर्व्हर तुमच्या शेलला काही व्हेरिएबल देऊन ठेवतो. त्यातलं सगळ्यात कामाचं एसएसएच_कनेक्शन, सगळी अक्षरं कॅपिटल. त्यात चार गोष्टी असतात: तुम्ही जिथून आलात तो आयपी पत्ता, तिकडचा पोर्ट, या सर्व्हरचा आयपी पत्ता आणि इकडचा पोर्ट, जो बहुधा २२ असतो. स्वतःच्या लॅपटॉपसमोर बसून शेल उघडलं तर हे व्हेरिएबल रिकामं असतं. मग बॅश या नेहमीच्या शेलच्या सेटिंगच्या फाइलीत, म्हणजे घरच्या फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसीत, एवढंच सांगायचं: एसएसएच_कनेक्शन रिकामं नसेल तर प्रॉम्प्ट असा ठेव, नाहीतर साधा ठेव. 'रिकामं नसेल तर' हे बॅशमध्ये लिहायला चौकोनी कंसात वजा-एन आणि पुढे अवतरणात त्या व्हेरिएबलचं नाव, डॉलर लावून. वजा-एन आणि कंस यांच्या आजूबाजूला स्पेस सोडायला विसरू नका. नवख्यांचा निम्मा वेळ तिथेच जातो.

एसएसएच_टीटीवाय नावाचं आणखी एक व्हेरिएबल आहे, पण ते लॉगिनला खरंखुरं टर्मिनल मिळालं असेल तरच भरलेलं असतं. प्रॉम्प्टसाठी दोन्ही चालतात, मी पहिलं वापरते. त्याचा एक फायदा असा की त्यातला पहिला पत्ता बघून आपण थेट आलो की मधल्या एखाद्या सर्व्हरवर थांबून आलो हेही कळतं.

आता रंग. टर्मिनलला रंग सांगायचा तो एका छुप्या अक्षरमालिकेने. आधी एस्केप हे न दिसणारं अक्षर, जे बॅशच्या प्रॉम्प्टमध्ये बॅकस्लॅश आणि स्मॉल ई असं लिहितात. मग उघडणारा चौकोनी कंस, मग आकडा, शेवटी स्मॉल एम. अक्षरं लाल करायला ३१, हिरवी करायला ३२, पिवळी करायला ३३. मागची पार्श्वभूमी लाल हवी तर ४१. सगळं पूर्ववत करायला शून्य. हा शून्य राहिला तर तुम्ही टाइप केलेली कमांड आणि तिचं उत्तरही लाल होत जातं.

या मालिकेची एक खोड समजून घ्यायलाच हवी, कारण ती चुकली की भलतीकडेच काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. शेल प्रॉम्प्टची लांबी मोजतं, म्हणजे कर्सर कितव्या घरात आहे आणि ओळ कुठे मोडायची हे त्याला कळतं. रंगाची अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत, पण मोजताना धरली जातात. मग लांब कमांड टाइप करताना ओळ संपली की मजकूर खाली न जाता त्याच ओळीवर पहिल्यापासून चढतो, वरचा बाण दाबून जुनी कमांड आणली की तिचे तुकडे मागे राहतात, आणि आपण कीबोर्डला दोष देत बसतो. उपाय असा: रंगाच्या प्रत्येक मालिकेआधी बॅकस्लॅश आणि उघडणारा चौकोनी कंस, आणि नंतर बॅकस्लॅश आणि बंद होणारा चौकोनी कंस लिहायचा. 'यामधलं मोजू नकोस' असं बॅशला सांगायची ती पद्धत. झीशेल या दुसऱ्या शेलमध्ये हेच काम टक्क्याचं चिन्ह आणि महिरपी कंस करतात, पण तिथे रंगासाठी सोपी सोय आहे: टक्का, कॅपिटल एफ आणि महिरपी कंसात रंगाचं इंग्रजी नाव. मोजणीची काळजी झीशेल स्वतः घेतं. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून झीशेलच मूळ शेल आहे. म्हणजे लॅपटॉपवर झीशेल आणि सर्व्हरवर बॅश ही जोडी आता फार घरांत आहे, आणि एकीकडचं लिखाण दुसरीकडे चालत नाही.

कोणता रंग कुठे, हे माझ्या मते यातलं सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या उत्साहात माणूस प्रत्येक सर्व्हरला वेगळा रंग देतो, त्यात वेळ, गिटची शाखा, बॅटरी असं सगळं कोंबतो, आणि महिन्याभरात तो इंद्रधनुष्यही डोळ्यांना अदृश्य होतो. माझा नियम असा: स्वतःच्या लॅपटॉपवर रंगच नाही, साधा प्रॉम्प्ट. चाचणीच्या सर्व्हरवर पिवळी अक्षरं. जिथे चूक झाली तर दुसऱ्या कुणाचं नुकसान होईल, फक्त तिथे लाल पार्श्वभूमी. लाल रंग दुर्मीळ राहिला तरच तो लाल राहतो.

शिवाय निव्वळ रंगावर विसंबू नका. लाल आणि हिरव्यातला फरक न कळणारी माणसं आपल्या टीममध्ये असतात आणि बऱ्याचदा ते बोलून दाखवत नाहीत. म्हणून पट्टीत शब्दही हवा. होस्टनेमवर भागेल असं वाटतं, पण क्लाउडवरच्या मशीनचं नाव अनेकदा आयपी पत्त्याचे आकडे डॅशने जोडून बनलेलं असतं, आणि डॉकरच्या कंटेनरचं, म्हणजे मशीनच्या आत वेगळ्या ठेवलेल्या कप्प्याचं, नाव म्हणजे बारा अक्षर-आकड्यांची खिचडी. त्यातून माणसाला काही बोध होत नाही. त्यापेक्षा आपण ठेवलेलं नाव लिहावं: 'प्रॉड-पेमेंट' (प्रॉड म्हणजे लोक वापरतात ती खरी सिस्टिम), 'चाचणी', 'बॅकअप'. बॅकस्लॅश एच हे चिन्ह होस्टनेम पहिल्या टिंबापर्यंतच दाखवतं, हेही ध्यानात असू द्या. ज्या कंपन्यांत मशीनची नावं 'डीबी१ टिंब प्रॉड' आणि 'डीबी१ टिंब चाचणी' अशी असतात, तिथे दोन्हीकडे नुसतं 'डीबी१' दिसतं, आणि जो भाग जीव वाचवणार होता तोच कापला जातो. तिथे कॅपिटल एच लागतो.

जागेचा उपयोगही करून बघा. दूरच्या मशीनवर प्रॉम्प्ट दोन ओळींचा ठेवायचा: वरच्या ओळीत लाल पट्टी, नाव आणि फोल्डर, खालच्या ओळीत फक्त डॉलर किंवा हॅश. लॅपटॉपवर एकच ओळ. रंग बंद असला, कुणी प्रोजेक्टरवर फिकट पडदा लावला असला, तरी दोन ओळी म्हणजे 'बाहेर' हे डोळ्याला कळतं.

इथपर्यंत बहुतेक जण पोचतात आणि समाधानाने फाइल बंद करतात. मीही केली होती. एका शुक्रवारी रात्री काम आटोपून मी लॅपटॉप बंद करायची कमांड दिली, रूट होऊन, कारण आधीच्या कामासाठी रूट झालेच होते. लॅपटॉप चालूच राहिला. कनेक्शन तुटल्याचा निरोप आला. दुसऱ्या शहरातल्या ऑफिसमधला सर्व्हर बंद पडला होता, आणि शनिवारी सकाळी किल्लीवाला येऊन बटण दाबेपर्यंत तो तसाच राहिला. माझा प्रॉम्प्ट रंगीत होता. पण त्या क्षणी नव्हता.

कारण असं. सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने काम करायची कमांड, वापरून रूटचं शेल घेतलं की सुडो आधीची बहुतेक व्हेरिएबल पुसून टाकतं. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. पण त्यात एसएसएच_कनेक्शनही जातं. नवं शेल स्वतःलाच विचारतं, 'मी एसएसएचने आलोय का?' आणि उत्तर मिळतं, 'नाही.' लाल पट्टी जाते, साधा प्रॉम्प्ट येतो. म्हणजे साधं फोल्डर बघताना धोक्याची खूण दिसत होती, आणि पूर्ण सत्ता हातात आली त्याच क्षणी ती नाहीशी झाली. हे कळल्यावर मला प्रॉम्प्टकडे बघायची दृष्टीच बदलावी लागली.

उपाय दोन. एक, सुडोच्या नियमांच्या फाइलीत एन्व्ह_कीप नावाच्या यादीत एसएसएच_कनेक्शन घालायचं, म्हणजे तेवढं व्हेरिएबल पुसलं जात नाही. ही फाइल नेहमी व्हीआयसुडो या कमांडनेच उघडा. सरळ एडिटरने उघडून एखादी चूक राहिली तर सुडोच बंद पडू शकतं. दुसरा उपाय मला जास्त पटतो: 'कुठून आलो' हे विचारायचंच नाही, 'कुठे आहे' एवढंच सांगायचं. सर्व्हर हा सर्व्हरच असतो, त्याच्यासमोर कीबोर्ड लावून कुणी बसत नाही. मग त्या मशीनवरच्या प्रत्येक खात्याच्या बॅशआरसीत, आणि रूटच्या बॅशआरसीत तर नक्कीच, लाल पट्टी बिनशर्त लावून टाकायची. व्हेरिएबल असो, नसो. जिथे जायचं तिथली पाटी तिथल्याच भिंतीवर.

हे करताना उबुंटूवर एक ठेच लागते. सगळ्यांसाठी एकदाच म्हणून ईटीसी या आख्ख्या मशीनच्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या प्रोफाइल डॉट डीमध्ये पीएस१ लिहिला तर काहीच फरक पडत नाही, कारण त्यानंतर घरच्या फोल्डरमधलं बॅशआरसी वाचलं जातं आणि ते पीएस१ पुन्हा आपल्या मनासारखा लिहितं. जो शेवटी लिहितो त्याचं चालतं. म्हणून आपली ओळ बॅशआरसीच्या अगदी शेवटी हवी.

आणि तिथे 'तुम्ही प्रॉड सर्व्हरवर आहात' असं इको या छापायच्या कमांडने छापू नका. एसएसएचमार्फत एससीपी किंवा आरसिंकने फाइल पाठवतानाही पलीकडे बॅशआरसी वाचलं जातं, आणि छापलेला प्रत्येक शब्द त्या फाइलींच्या बोलण्यात घुसतो. प्रत पाठवणं अचानक बंद पडतं आणि कारण दिवसभर सापडत नाही. उबुंटूच्या बॅशआरसीच्या सुरुवातीलाच 'समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिर' अशा अर्थाची ओळ असते. ती काढू नका.

टीमक्स, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी शेल चालू ठेवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. टीमक्स सेशनला बाहेरून पुन्हा जोडलं तर ते एसएसएच_कनेक्शन ताजं करून घेतं, पण त्यानंतर उघडलेल्या खिडक्यांपुरतंच. आधीपासून उघड्या शेलांना त्याचा पत्ता नसतो. सकाळी मशीनसमोर बसून सुरू केलेलं शेल रात्री घरून जोडल्यावरही 'मी इथलाच' म्हणत राहतं. बिनशर्त पट्टीचा फायदा इथेही होतो.

काही जण प्रॉम्प्टऐवजी आख्ख्या खिडकीचा रंग बदलतात. लॅपटॉपवर एसएसएच नावाचं छोटं फंक्शन लिहायचं: ते आधी टर्मिनलची पार्श्वभूमी गडद तांबडी करतं, मग खरं एसएसएच चालवतं, आणि ते संपलं की रंग परत काळा करतं. फायदा मोठा आहे, कारण लांब उत्तर येऊन प्रॉम्प्ट वर सरकून गेला तरी खिडकी तांबडीच राहते. ज्या सर्व्हरवरच्या फाइलींना हात लावायची मुभा नाही, तिथेही हे चालतं. उणीव एवढीच की ते फक्त तुमच्या लॅपटॉपपुरतं आहे. सहकाऱ्याच्या मशीनवरून त्याच सर्व्हरवर गेलात तर खूण नाही. मी दोन्ही ठेवते.

बंद करण्या-सुरू करण्याच्या कमांडपुरती आणखी एक सोय डेबियन आणि उबुंटूमध्ये तयार मिळते. मॉली-गार्ड नावाचं पॅकेज. ते बसवलं की एसएसएचवरून मशीन बंद करायला किंवा रीबूट करायला गेलात तर ते आधी मशीनचं नाव टाइप करायला सांगतं. चुकीचं नाव लिहिलं तर काही होत नाही. या नावामागची हकीकत अशी सांगतात की आयबीएम ४३४१ या मोठ्या संगणकाचं लाल बटण एका प्रोग्रॅमरच्या मॉली नावाच्या चिमुरडीने एकाच दिवसात दोनदा दाबलं, मग त्या बटणावर प्लास्टिकचं झाकण बसवलं, ते मॉली-गार्ड. त्या शनिवारनंतर माझ्या प्रत्येक सर्व्हरवर ते आहे. वाचावी न लागणारी खूण आणि हाताने लिहावं लागणारं नाव, दोन्ही एकत्र असले की मग चूक व्हायला फार कष्ट पडतात.

एका बाबतीत मात्र प्रॉम्प्ट अजून आपल्याला फसवतो. अनेक मशीनच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर, प्रोग्रॅम चालवणाऱ्या क्युबरनेटिसची कमांड लॅपटॉपवरून चालते. शेल लॅपटॉपचं, प्रॉम्प्ट साधा, त्यात खोटं काही नाही, पण पुसलं जातं ते दूरच्या क्लस्टरवर. डेटाबेसच्या क्लायंटचंही तेच: बसलोय घरी, टेबल उडतं तिकडे. तिथे 'मी कुठे आहे' या प्रश्नाचा उपयोग नाही, 'माझी कमांड कुठे लागू होईल' हे विचारायला हवं. क्युबरनेटिसच्या चालू क्लस्टरचं नाव प्रॉम्प्टमध्ये दाखवता येतं, त्यासाठी तयार स्क्रिप्टही मिळतात. पोस्टग्रेस डेटाबेसच्या पीएसक्यूएल या क्लायंटमध्ये प्रॉम्प्ट१ नावाचं स्वतंत्र सेटिंग आहे, त्यात होस्ट आणि डेटाबेसचं नाव घालता येतं, रंगही देता येतो.

सगळं लावून झालं की एकदा मुद्दाम तपासा. सर्व्हरवर एसएसएचने जा आणि पट्टी बघा. सुडोने रूट व्हा आणि पुन्हा बघा. टीमक्स उघडा, तोडा, परत जोडा. पडद्याच्या काठाला पोचेल इतकी लांब कमांड टाइप करून ती नीट खाली मोडते का ते बघा. लॅपटॉपवरून एक छोटी फाइल एससीपीने पाठवा. शेवटी एक्झिट करा आणि प्रॉम्प्ट परत साधा झाला का, तेही बघा.